पांचाळांच्या भट्टीतली घट

केरबा पांचाळ हे माझे सासरे. उदगीरच्या किल्ल्याच्या वाटेवर आमच्या घराण्याची पहिली ऐरण त्यांनी रोवली. त्यांचे चिरंजीव नागनाथ हे माझे यजमान. त्यांचे नाव मी तोंडाने घेत नाही, लिहिताना घेते, कारण कागदाला कान नसतात. नागनाथांचा मुलगा उमाकांत. त्याचा हात ऐरणीवर बसतो न बसतो तोच तो आजाराने गेला. या तिघांच्या मागून आलेला उमाकांतचा मुलगा ओजस; त्याची ही हकीकत. बापाविना पोर मी वाढवले आहे. तेव्हा त्याच्याविषयी चांगले आणि वाईट बोलण्याचा अधिकार माझा आहे आणि तो मी दुसऱ्या कोणाला देणार नाही.

ओजस शाळेत होता तेव्हा एकदा भट्टीच्या उंबऱ्यावर बसून मोबाईलवर खेळत होता. मी मागून पाहिले. पडद्यावर लोखंडाच्या चार विटा होत्या. त्याने बोट लावले, टण् असा आवाज झाला आणि विटांच्या जागी तलवार आली.

“खाली काय पडलं?” मी विचारले.

“कुठं खाली?”

“ऐरणीच्या खाली. चार विटांची तलवार झाली, तर बाकीचं लोखंड कुठं गेलं? तापवलं किती वेळा? कोळसा कोणी घातला?”

“आजी, गेममध्ये घट नसते.”

“मग ते लोखंड नव्हे. रंगवलेला पुठ्ठा आहे.”

तो हसला नाही. मोबाईल बाजूला ठेवून बराच वेळ ऐरणीकडे पाहत राहिला. पुढे तो शिकून पुण्याच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर गेला आणि ‘आयस’, म्हणजे लोखंडी, या नावाचा खेळ त्याने उभा केला, तो या एका प्रश्नातून.

‘आयस’चे शास्त्र मी त्याच्याकडून समजून घेतले आहे, ते इथे सांगते. लोखंड लाल झाले की हवेतला प्राणवायू त्याला चिकटतो आणि वरच्या थराची काळी खपली होते. हातोडा बसला की ती झडते. प्रत्येक तापवणीला असा एकेक थर जातो. जाड कांबीत ही घट जाणवत नाही, कारण पोटात लोखंड भरपूर असते. पण पाते जसजसे पातळ होते तसतसे पोट कमी आणि पाठ जास्त होते, म्हणून घट वाढते. आणखी एक गोष्ट आहे. भात्याची हवा बेताची असेल तर कोळसाच ती सगळी खाऊन टाकतो. हवा फाजील झाली की उरलेली हवा लोखंड खाते. लोहाराचे निम्मे कसब हातोड्यात असते आणि निम्मे भात्यात.

जुन्या खेळांत यातले काहीच नव्हते, कारण इतका हिशेब करणे यंत्रांना झेपत नव्हते. नवी यंत्रे आली तेव्हा ओजसने वस्तूचे चित्र साठवण्याऐवजी वस्तूच कणाकणाने साठवली. रव्याएवढा एकेक कण. त्याला त्याचे तापमान, त्याचा घटक आणि तो कोणत्या खाणीतून कोणी काढला याची आठवण. त्या जगातले सारे लोखंड पहिल्या दिवशीच ठरले. त्यात नंतर कोणी भर घालू शकत नाही आणि त्यातले काही नाहीसे करू शकत नाही. तलवारीवरून जे गेले ते जमिनीवर, राखेत, कुठेतरी सापडलेच पाहिजे.

हे यंत्राला शिकवण्यासाठी ओजसने माझ्या भट्टीत कॅमेरे लावले, माझ्या हातात तारांचे मोजे चढवले. ऐरणीखाली काटा बसवला. दोन उन्हाळे मी त्याच्यासाठी लोखंड तापवले. भाता मारायला तो स्वतः बसे. हळू मार, हळू मार, असे मी शंभरदा ओरडले असेन. मग एके दिवशी तो म्हणाला, “आजी, खेळात एक भट्टी तुझ्या नावाची ठेवायची आहे.”

“माझी एक अट आहे,” मी म्हणाले. “झाडलोट ठेवायची.”

आमच्या घराण्यात खंडेनवमीला हत्यारांची पूजा करण्याआधी भट्टीची जमीन झाडतात. वर्षभर पडलेल्या खपल्या आणि कानशीचा कीस लोहचुंबकाने वेचायचा, कोळशात पुरून पुन्हा लोखंड करायचे आणि त्याचे खिळे घडवून गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायचे आणि ‘पावलं’, म्हणजे मिळालं, असे त्यांच्या तोंडून ऐकूनच परतायचे. लोखंड त्यांनी आणलेले होते. ते आमच्या पायाखाली पडले म्हणून आमचे होत नाही. हा रिवाज सासऱ्यांनी घातला आणि मी कधी चुकवलेला नाही.

“ठेवतो,” ओजस म्हणाला. “तुझ्या गळ्याची शपथ.”

“गळ्याला हात लावू नकोस. नुसतं ठेव.”

खेळातल्या भट्टीच्या दारावर मी सांगितले तसे लिहिले गेले: इथे तुमचे लोखंड कोणी घेणार नाही.

‘आयस’ फार चालला. लोखंड मोजकेच असल्यामुळे लोक ते जिवापलीकडे जपू लागले. एक सुरी घडवायला महिनाभर खाण खणावी लागे, आणि ती बिघडली की माणसे खरोखरची रडत. ओजसचे नाव झाले. मी मात्र त्या जगात कधी गेले नाही. माझे खरे काम वाढले होते. गावात सगळे यंत्रावरचे विळे-कोयते घेऊ लागल्यापासून भट्टी थंडावत चालली होती, तेवढ्यात पुण्याच्या एका निर्यात करणाऱ्या कंपनीने हाताने घडवलेले अडकित्ते मागवले. मोराच्या मानेचे, घोड्याच्या तोंडाचे. परदेशात लोक भिंतीवर लावतात म्हणे. मागणी वाढत गेली. तीन वर्षांत एकदाही त्यांनी घासाघीस केली नाही, एकही नग परत केला नाही. आळीतल्या बायकांना मी सांगत असे, काम चोख असले की तक्रार येत नाही.

झरीन मुजावर आली तेव्हा मी एका पात्याला पाणी देत होते. तिशीची बाई, खांद्याला कापडी पिशवी. ती दारातच थांबली.

“चपला बाहेर. भट्टीत चालत नाहीत.”

“आणि पायावर ठिणगी पडली तर, माई?”

“पडली तर उडी मारायची. कोण तू?”

औशाच्या शाळेत ती विज्ञान शिकवत होती. तिच्या वर्गातल्या मुलांनी ‘आयस’मध्ये मिळून एक दांडपट्टा घडवायला घेतला होता. प्रत्येक पोराने आपापले लोखंड खणून तिच्या स्वाधीन केले होते आणि ती ते घेऊन माझ्या नावाच्या भट्टीत जात होती.

“दोन वर्षं झाली, माई. पातं हातभरसुद्धा होईना. मुलं आता म्हणायलेत की मॅडमनी लोखंड खाल्लं. परवा एकानं फळ्यावर लिहिलं. पालकसभेत एका वडलांनी उभं राहून विचारलं.”

“पट्ट्याचं पातं लांब आणि पातळ. घट जाणारच. तू मास्तरीण ना, समजावून सांग त्यांना.”

“सांगितलं. फळ्यावर गणित करून दाखवलं. त्यात उलटी मीच अडकले. गणितानं जेवढी जायला पाहिजे त्याच्या दुप्पट जाते. शेजारच्या भट्ट्यांत एवढी जात नाही.”

“मग शेजारी जायचं.”

“मुलं नाही म्हणतात. त्यांनी दारावरची पाटी वाचली आहे.” तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. “मी भांडायला आले नाही, माई. मला फक्त मुलांसमोर ठेवायला एक उत्तर पाहिजे. नाहीतर त्या वर्गात मी पुन्हा उभी राहू शकत नाही.”

मला तिचा राग आला होता. पाहुणी नसती तर हाकलून दिले असते. म्हणाले, “दोन खंडेनवम्या झाल्या. खिळे किती आले तुमच्याकडे?”

“कसले खिळे?”

मी सांडस खाली ठेवली.

ओजसने दिलेला खेळात शिरायचा चष्मा आणि मोजे कपाटात फडक्यात बांधून ठेवलेले होते. झरीनने ते मला चढवले, तिच्या पिशवीतले तिने घातले आणि त्याच दुपारी आम्ही दोघी आत गेलो.

भट्टी हुबेहूब माझी होती. छपराला पडलेले भोकसुद्धा जागच्या जागी होते. ऐरणीपाशी मीच उभी होते. माझ्यासारखाच पदर खोचलेला, माझ्यासारखाच डावा खांदा उतरता. कोणा अनोळखी पोराचे लोखंड त्या बाईने विस्तवात घातले आणि माझ्याच आवाजात त्याला धीर दिला, “घाबरू नको बाळा, तुझं तुला मिळेल.” ते वाक्य मी कधीतरी ओजसला म्हणाले असेन. त्याने जपून ठेवले होते.

मी भात्याकडे वळले. तो आपोआप चालत होता, पण दमेकऱ्यासारखा. श्वास लांब आणि जोराचा. विस्तव पांढरा पडला होता आणि लोखंडातून ठिणग्या उडत होत्या. अशा हवेत कांब ठेवणे म्हणजे ती उंदरांपुढे ठेवणे. मग मी खाली पाहिले. जमीन धुऊन काढल्यासारखी स्वच्छ होती. ऐरणीवरून खपली झडत होती, जमिनीला टेकत होती आणि दिसेनाशी होत होती.

“नाहीसं काही होत नाही ना या जगात?” मी झरीनला विचारले.

“नाही. तेच तर या खेळाचं वैशिष्ट्य.”

“मग हे कोण उचलतंय?”

उत्तर मला ठाऊक होते. माझ्या भट्टीच्या किल्ल्या एकाच माणसाकडे होत्या.

बाहेर येऊन मी ओजसला फोन लावला. “भाता एवढा कोण मारायलंय?”

“आजी? तू आत गेली होतीस? सेटिंग हललं असेल. बघतो मी.”

“आणि झाडलोट?”

“कण फार साचतात गं. यंत्रावर ताण येतो. म्हणून फरशीवरचे उचलून बाजूला ठेवतो.”

“कुठं बाजूला?”

तो यंत्रांची नावे सांगू लागला, तसे मी त्याला तोडले.

“उद्या इथं ये. जे सांगायचं ते माझ्या तोंडासमोर सांग.”

तो आला. मी पाणी दिले, चहा दिला नाही. त्याच्या ते लक्षात आले आणि तो बाजेवर न बसता जमिनीवर बसला. लपवाछपवी त्याने फार वेळ केली नाही, एवढे त्याच्या बाजूने सांगते. हैदराबादचा एक शौकीन होता. ‘आयस’मध्ये तो तलवारींचा महाल भरवत होता आणि लोखंडाला खऱ्या पैशांत मागेल ते मोल देत होता. ओजसने माझ्या भट्टीचा भाता वाढवला, जमिनीवर पडेल ते गोळा केले, त्याचे गोळे केले आणि तीन वर्षे त्या शौकिनाला पोचवले.

“कंपनीला माहीत नाही,” तो म्हणाला. “पण मी नियम मोडला नाही, आजी. एक कण बनवला नाही की एक कण मिटवला नाही. हवा वाढवली, एवढंच.”

“माझ्याच भट्टीत का? बाकीच्या भट्ट्या होत्या.”

“तुझ्या भट्टीवर कोणी संशय घेत नाही.”

हे त्याने इतक्या सरळपणे सांगितले की क्षणभर मला ते कौतुकच वाटले. मग त्याचा अर्थ आत उतरला.

“कशासाठी केलंस? घर बांधलंस? कर्ज झालं होतं?”

तो मान खाली घालून कोपऱ्यातल्या अडकित्त्यांच्या राशीकडे पाहू लागला. त्या आठवड्याची मागणी तयार होती. तेल लावून मी कागदात गुंडाळून ठेवली होती.

“आजी, ती निर्यातवाली कंपनी,” तो म्हणाला, “ती मीच आहे.”

तो बोलत राहिला. तू भट्टी बंद करायला निघाली होतीस. जेवत नव्हतीस. माझ्या पगारातून दिले असते तर तू घेतले नसतेस. तुला काम पाहिजे होते, म्हणून मी काम आणले, आणि ते पगारात बसेना. त्याचा आवाज कापरा झाला होता. लहानपणी तो असा बोलू लागला की मी त्याला जवळ घेत असे. त्या दिवशी मी माझे हात मांडीवरून हलवले नाहीत.

“माल कुठं आहे?”

“लातूरला. भाड्याची खोली घेतली आहे.”

“दाखव.”

खोलीचे शटर त्याने वर केले. आत छतापर्यंत खोकी रचलेली होती. एकही उघडलेले नव्हते. मी बांधलेल्या सुतळीच्या गाठी तशाच होत्या. मी एक खोके सोडवले. मोराच्या मानेचा अडकित्ता निघाला. त्या मानेचा बाक साधायला मला किती दिवस लागले होते, आणि साधला तेव्हा मी एकटीच कशी हसले होते, ते आठवले. एकाही सुपारीला त्याचे पाते लागलेले नव्हते. तीन वर्षे मी ज्याला माझा हुन्नर समजत होते ते एका पोराने म्हातारीच्या हाती दिलेले खेळणे होते, आणि त्या खेळण्यासाठी माझ्याच नावाने दुसऱ्यांच्या पोरांचे खिसे कापले गेले होते. चोराने घर फोडले असते तर मी पोलिसांत गेले असते. माझे घर त्याने आतून पोखरले होते, मला ऊब मिळावी म्हणून.

“आजी, हे सगळं आपण विकू शकतो,” तो मागून म्हणाला. “खरंच चांगले आहेत.”

“तुझे आहेत. विकायचे तर विक. गिऱ्हाईक तू होतास.”

“असं नको बोलू.”

“कण कोणाचा आहे ते तुझ्या यंत्राला ठाऊक असतं, असं म्हणाला होतास.”

“हो.”

“मग ज्याचं त्याला जायचं. सगळं. आणि तुझ्या वरिष्ठांना तू स्वतः सांगायचंस.”

त्याने सांगितले. त्याची नोकरी गेली. परतफेड होईपर्यंत तेवढे त्याला खेळात राहू दिले. कंपनीचे एक साहेब माझ्याशी फोनवर फार गोड बोलले. भट्टीच्या दारावर ‘काही तांत्रिक अडचणींमुळे’ असे लिहू या, असे त्यांचे म्हणणे पडले.

“साहेब, तुमच्या घरी चोरी झाली तर तुम्ही तांत्रिक अडचण म्हणता का?” मी विचारले. जुन्या पाटीच्या जागी मी सांगितले तेच लिहिले गेले: या भट्टीत तुमचे लोखंड चोरले गेले. ते परत मिळेल.

शौकिनाने तलवारी परत द्यायला नकार दिला. त्याच्याशी माझे भांडण नव्हते. त्याने लोखंड मोल देऊन घेतले होते. नवे लोखंड त्या जगात कोणी आणू शकत नव्हते, ओजसही नाही. तेव्हा द्यायला उरले ते एवढेच, जे भट्टीत माझे म्हणून उभे होते. ऐरण, घण, हातोडे, छिन्न्या, दाराच्या बिजागऱ्या, कडी. खेळ सुरू झाला त्या दिवशी ते सगळे माझ्या नावावर लागले होते.

झरीनने आकडेमोड केली आणि म्हणाली, “जेमतेम पुरेल, माई.”

“पुरणार नाही,” मी म्हणाले. “ऐरण तोडायला तापवावी लागेल. परत देतानाही जळणारच. ती घट गिऱ्हाइकाच्या वाट्याला जाणार नाही.”

ऐरणीपाशी उभी असलेली माझी बाहुली मी काढून टाकायला लावली आणि त्या जागी स्वतः उभी राहिले. ओजसला म्हणाले, “भात्यावर बस. आणि हळू मार.”

तो बसला. त्याने भाता असा मारला की विस्तव नुसता गुलाबी राहिला. कोळशात खोलवर पुरून मी ऐरणीचे शिंग तापवले आणि तोडले. काम कित्येक दिवस चालले. दारावरची पाटी वाचून लोक येत. कोणी शिव्या देत आले, कोणी नुसते पाहायला. एका पोराने विचारले, “आजी, तुम्ही खऱ्या आहात का?” मी म्हणाले, “तुझा तुकडा घे आणि वजन करून बघ.” ओजस कोणाकडे मान वर करून पाहत नव्हता. एकदाच तो हळूच म्हणाला, “आजी, मी तुझ्यासाठी…”

“हवा वाढली,” मी म्हणाले. त्याने भाता सावरला.

रोज संध्याकाळी मी जमीन झाडत होते. झडलेली खपली वेचून कोळशात पुरत होते आणि निघेल ते पुन्हा देण्यात घालत होते. तरी थोडे हातचे गेलेच. राखेत मिसळलेले सगळे परत येत नाही. ऐरण संपली, घण संपला, बिजागऱ्या काढल्यावर दार भिंतीला टेकवून ठेवले. झरीन दरवेळी आपली पाळी मागे ढकलत होती. “माझा वर्ग शेवटी,” ती म्हणे. “तोपर्यंत थांबायला मी मुलांना सांगितलं आहे.”

तिचा वर्ग आला तेव्हा भट्टीत एक हातोडा आणि एक सांडस शिल्लक होती. दांडा काढून हातोडा दिला. तिने तराजूत टाकला. वजनाचे पारडे उचलले गेले नाही. मुले मागे दाटीने उभी होती. त्यांतल्या एकाने काहीतरी म्हणायला तोंड उघडले आणि दुसऱ्याने त्याचा हात दाबला.

दोन पाय सुटे करायला मी सांडस विस्तवात ठेवली. ती धरायला आता काही नव्हते. झरीनने बाहेरून आणलेले ओले लाकूड पुढे केले, त्याच्या दोन काटक्यांत धरून मी सांडशीचे पाय दगडावर दगडाने ठेचून वेगळे केले आणि एकेक करून पारड्यात सोडले. पहिल्या पायाने पारडे हलले. दुसऱ्याने काटा मधोमध आला. जमिनीवर त्या ठेचण्यातून पडलेल्या दोन काळ्या खपल्या होत्या, त्याही मी वेचून तिच्या हातावर ठेवल्या.

“एवढं जास्त होतंय, माई.”

“असू दे. दोन वर्षं थांबला आहात तुम्ही.”

तिने मुलांकडे वळून तराजू दाखवला. फळ्यावर लिहिणारा मुलगा पुढे आला, काटा नीट पाहिला आणि म्हणाला, “मॅडम, पुरतंय.”

मागे भाता थांबला होता. ओजस माझ्या नजरेची वाट पाहत असावा. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मी वळले नाही. बिनऐरणीच्या त्या रिकाम्या जागेवर उभी राहून मी झरीनकडे पाहिले.

“पावलं?” मी विचारले.

“पावलं, माई,” ती म्हणाली. “सगळं पावलं.”